ताकद घटली तरी स्कोअर घटवता येतो



दिल्लीच्या द्वारकेत आणि शेजारच्या कॅन्टोन्मेंटमध्ये आम्ही निवृत्त फौजी पुष्कळ. साठी ओलांडली की आमच्यापैकी अनेकांचं गोल्फ ठराविक पद्धतीने सुटतं. ड्राइव्ह पूर्वीसारखा लांब जात नाही. नव्वदीतला स्कोअर शंभरावर जातो. मग माणूस नवा ड्रायव्हर विकत घेतो, जास्त जोर लावतो, कंबर धरते आणि बॅग बाल्कनीत जाऊन बसते. बॅगेबरोबर सकाळचं चार तासांचं चालणं जातं आणि चौकडीही तुटते. मुलं परगावी किंवा परदेशात आहेत, अशा घरांत त्या चौकडीची किंमत काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून आजच्या भागात अंतर वाढवायच्या युक्त्या नाहीत. आहे त्या अंगात, आहे त्या क्लबांनी स्कोअर कमी कसा करायचा, एवढंच बोलू.

आधी हिशेब करू. कोर्स पार ७२ चा आहे. प्रत्येक होलवर एक फटका जास्त, म्हणजे बोगी, घेतली तर ७२ अधिक १८, एकूण ९०. आता १०० खेळणाऱ्याचं कार्ड बघा. त्यात साधारण १२ बोगी, २ डबल बोगी आणि ४ ट्रिपल बोगी असतात. म्हणजे १२ होल तो नव्वदीचंच गोल्फ खेळतो. जादाचे दहाही फटके उरलेल्या सहा होलांवर जातात. त्या चार ट्रिपलच्या डबल आणि दोन डबलच्या बोगी झाल्या, तर स्कोअर लगेच ९४. एकही पार नाही, एकही बर्डी नाही, तरी सहा फटके वाचले. स्कोअर चांगल्या फटक्यांनी जितका उतरतो, त्याहून जास्त वाईट आकडे टाळल्याने उतरतो.

हे मोठे आकडे येतात कुठून? बहुतेक वेळा चुकीच्या नेमातून. इथे तोफखान्याची एक गोष्ट कामाची आहे. नाशिकजवळच्या देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे. तिथे गोलंदाजाला सुरुवातीलाच शिकवतात की तोफ तीच, चार्ज तोच, एलिव्हेशन तेच असलं, तरी गोळे एका खड्ड्यात पडत नाहीत. ते एका पट्ट्यात विखुरतात. त्या पट्ट्याला झोन म्हणतात. आपली माणसं जवळ असतील, तर अख्खा झोन त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर आहे का, हे बघूनच फायर मागतात.

पोलादी तोफेची ही कथा, तर आपल्या खांद्याची आणि कंबरेची काय असेल! तरीही टीवर उभे राहिलो की आपण आयुष्यातला सर्वोत्तम फटका डोळ्यांपुढे आणतो आणि त्याच्यावर नेम धरतो. तसा फटका दहात एकदा बसतो. उरलेले नऊ कुठे जातील, याचा विचार म्हणजेच कोर्स मॅनेजमेंट.

तर पहिलं काम, आपला झोन मोजा. रेंजवर एका झाडाकडे नेम धरून ड्रायव्हरने २० चेंडू मारा. सर्वांत डावीकडचा आणि सर्वांत उजवीकडचा सोडा. उरलेले १८ किती रुंदीत पडले, याचा रेंजवरच्या खुणांवरून अंदाज घ्या. समजा ६० यार्ड आले. आता उजवीकडे पाणी असलेल्या होलवर नेम फेअरवेच्या मध्यावर नाही, तर पाण्यापासून निदान ३५ यार्ड डावीकडे हवा. डावीकडे मोकळा रफ असेल तर तिथे पडलेला चेंडू निदान सापडतो आणि मारता येतो. पण डावीकडे हद्दीचे पांढरे खांब असतील, तर ६० यार्डांचा झोन तिथे मावतच नाही. मग क्लब बदला.

क्लब बदलल्याने काय बिघडतं? ३७० यार्डांचा पार ४ घ्या. हायब्रिडने १७०, आयर्नने १४०, मग ६० यार्डांची पिच आणि दोन पट. झाले पाच, म्हणजे बोगी. आणि ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला, तर एक दंड भरून पुन्हा टीवरून मारायचं, म्हणजे पुढचा फटका तिसरा.

हे फक्त म्हाताऱ्यांचं शहाणपण आहे असं समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. लोधी कोर्सच्या अरुंद फेअरवेंच्या दोन्ही बाजूंना दाट झुडपं आहेत. चेंडू आत गेला की बाहेर काढणं मुश्कील. जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक, रोरी मॅकिलरॉय, याने त्या आठवड्यात ड्रायव्हर बॅगेतच ठेवला नाही. त्याला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी?

दुसरं, ग्रीनकडे मारताना झेंडा विसरा. झेंडा उजव्या कोपऱ्यात, बंकरच्या मागे लावला असेल, तर ते आपल्याला दाखवलेलं आमिष आहे. नेम ग्रीनच्या मध्यावर धरा. आणि क्लब निवडताना सरासरी कॅरी धरा, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जिथे टेकतो ते अंतर. मे महिन्यात, वारा पाठीवर असताना सात नंबर आयर्न एकदा १५० गेला होता, म्हणून तो तुमचा १५० चा क्लब होत नाही. सरासरी १३० असेल तर १३० च. हौशी खेळाडूंचे चेंडू ग्रीनच्या मागे फार कमी जातात, पुढेच जास्त पडतात. शंका असेल तर एक क्लब मोठा घ्या आणि सावकाश स्विंग करा.

इथे दिल्लीचं हवामानही धरा. डिसेंबर-जानेवारीत हवा थंड आणि जड असते, अंगात दोन स्वेटर असतात आणि दवाने ओल्या फेअरवेवर चेंडू घरंगळत नाही. एक क्लब जास्त लागतोच. मे-जूनमध्ये जमीन टणक असते. चेंडू टप्पा घेऊन पुढे पळतो, म्हणून ग्रीनच्या पुढच्या भागावर उतरवा.

तिसरं, चेंडू अडचणीत गेला की आधी बाहेर या. झाडांच्या फटीतून मारायचा मोह होतो. दहा प्रयत्नांत तीनदा जमलं तर तीन फटके वाचतील. उरलेल्या सात वेळा चेंडू झाडाला लागून एक किंवा दोन फटके जातील, म्हणजे सात ते चौदा. हा सौदा कोणता व्यापारी करेल? आडवा मारून फेअरवेवर आणा. झुडपात चेंडू मारताच येत नसेल, तर अनप्लेएबल जाहीर करा. एका दंडात तीन पर्याय मिळतात. होलच्या जवळ न जाता दोन क्लबांच्या अंतरात ड्रॉप, होल आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे जाऊन ड्रॉप, किंवा आधीच्या जागेवरून पुन्हा. फौजेत वेळेवर केलेली माघार ही योजनेचाच भाग असते.

चौथं, ग्रीनजवळ साधा क्लब. पट करता येत असेल तर पट करा. ते जमत नसेल तर चेंडू थोडा उचलून जमिनीवरून पळवा. उंच लॉब हा शेवटचा उपाय.

पटिंगबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. आठ फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट टाकतात. मग तीस फुटांवरून होलमध्ये घालायचा हट्ट आपण कशाला धरायचा? पहिला पट होलपासून तीन फुटांच्या आत आणून थांबवा. तीन पटचे होल कमी झाले की फेरीमागे दोन-तीन फटके सहज सुटतात. ग्रीनचा उतार कॅडीला विचारा. तो रोज तिथे चालतो.

अदिती अशोक आठवते ना? ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला ती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. ड्राइव्हच्या अंतरात ती जवळजवळ तळाशी होती आणि पटिंगमध्ये आघाडीवर.

आता सराव. रेंजवर एका तासात शंभर चेंडू ड्रायव्हरने ठोकणं हा व्यायाम झाला. तासाचे तीन भाग करा. २० मिनिटं पटिंग, त्यात निम्मा वेळ तीन फुटांचे आणि निम्मा वेळ लांबचे. २० मिनिटं चिपिंग, दर वेळी वेगळ्या जागेवरून. शेवटची २० मिनिटं पूर्ण स्विंग, पण एकच क्लब दोनदा सलग वापरायचा नाही. मनात एखादा ओळखीचा होल धरा, आमच्या सेक्टर २४ च्या डीडीए कोर्सचा किंवा लाडोसरायच्या कुतुबचा. ड्रायव्हर, मग सात नंबर, मग वेज, असा तो खेळून काढा. मैदानावर तरी एकच फटका लागोपाठ वीस वेळा कुठे मारायला मिळतो?

धुकं किंवा प्रदूषणामुळे बाहेर पडता येत नाही, त्या दिवशी फ्लॅटमध्ये पट करा. दोन फरश्यांमधली रेघ सरळ असते. पटर तिच्यावरून पुढेमागे न्या आणि चेंडू रेघेवरून पळतो का बघा. रोज दहा मिनिटं पुरे.

आणि टी बदला. दुसरा फटका प्रत्येक पार ४ वर लाकडानेच मारावा लागत असेल, तर पुढच्या टीवरून खेळा. त्याने हुद्दा कमी होत नाही. २०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये टीप्रमाणे हिशेब होतो. अलीकडच्या २० स्कोअरपैकी सर्वोत्तम ८ धरतात आणि एका होलचा मोजायचा आकडाही नेट डबल बोगीवर थांबतो. म्हणून दोस्तांच्या खेळात एखादा होल फारच बिघडला तर चेंडू उचला आणि पुढच्या टीवर चला.

या भागाचा गृहपाठ असा. पुढच्या तीन फेऱ्यांत कार्डाच्या मागे चार रकाने आखा. दंडाचे फटके, अडचणीतून पहिल्या प्रयत्नात बाहेर न आलेले चेंडू, ग्रीनजवळ वाया गेलेले फटके आणि तीन पटचे होल. जो रकाना सर्वांत भरेल, पुढचा महिनाभर त्याचाच सराव. अंतराचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही.

आणि ज्याची बॅग बाल्कनीत गेली आहे, असा एखादा मित्र तुमच्या सोसायटीत असेलच. हा भाग त्याला ऐकवा आणि पुढच्या रविवारी त्याला पुढच्या टीवर घेऊन या. चौथा गडी लागतोच.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.