चिंध्यांची बाहुली : घराघरातली जुनी मैत्रीण

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आपल्या घरांतून शिलाई मशीनचा आवाज वाढतो. कुणाचा कुर्ता, कुणाचा शरारा, कुणाची ओढणी. कपडे शिवून होतात आणि मशीनखाली रंगीबेरंगी कतरनींचा ढीग उरतो. आज हा ढीग सरळ कचऱ्यात जातो. आपल्या नानी-दादी मात्र तो गाठोड्यात बांधून ठेवत आणि सवडीने त्यातून एक गुडिया तयार होई. पोटात कापूस, काळ्या दोऱ्याची वेणी, काजळाने रेखलेले डोळे. तिला नाव असे, तिचे लग्न ठरे, शेजारच्या घरातून गुड्ड्याची वरात येई आणि मूठभर चुरमुऱ्यांची दावत होई. मराठीत हिलाच आपण चिंध्यांची बाहुली म्हणतो.

ही बाहुली किती जुनी? कापड कुजते, म्हणून तिचा पुरावा फारसा उरत नाही. तरी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेली रोमन काळातली एक कापडी बाहुली आहे. अंग लिननचे, पोटात चिंध्या आणि पपायरस. इजिप्तच्या कोरड्या वाळूने तिला सांभाळले. पंधराशे वर्षांपेक्षाही अधिक काळापूर्वी कुणीतरी आपल्या लेकरासाठी उरलेले कापड गुंडाळून तिला आकार दिला होता.

मदिनेतील घरात

आपल्याकडे बाहुलीचा विषय निघाला की हजरत आयेशा (रजि.) यांची आठवण होतेच. त्या बाहुल्यांशी खेळत आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्यांच्या मैत्रिणींनाही खेळायला त्यांच्याकडे पाठवत, असे हदीसमध्ये आले आहे. अबू दाऊदच्या संग्रहातील प्रसंग तर फारच गोड आहे. वाऱ्याने पडदा हलला आणि मागे ठेवलेल्या बाहुल्या दिसल्या. त्यांच्यामध्ये एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे दोन पंख. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी विचारले. हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का, असे उत्तर मिळाले. त्यावर प्रेषित (सल्ल.) मनमोकळे हसले.

दुसरी हदीस रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांची. आशुऱ्याच्या रोजाच्या दिवशी मदिनेच्या स्त्रिया मुलांसाठी लोकरीची खेळणी करत. मूल भुकेने रडले की ते खेळणे त्याच्या हाती देत, म्हणजे इफ्तारपर्यंत त्याचा वेळ जाई. बाहुलीच्या चेहऱ्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, पण मुलांच्या खेळातल्या बाहुलीला बहुसंख्य उलमांनी सवलत दिली आहे. काही घरांत नाक-डोळे न काढताच बाहुली करतात. मुलांचे तिच्यावाचून काही अडत नाही.

घरातून बाजारात

अमेरिकेत इझाना वॉकर या बाईंनी १८७३ मध्ये कापडी बाहुलीचे पेटंट घेतले. पुढे कापडावर बाहुलीचे चित्र छापून विकण्याची पद्धत आली. ते घरी आणायचे, कापायचे, शिवायचे आणि भरायचे. गुलामगिरीच्या काळात तिथल्या दक्षिणेकडील राज्यांत एक वेगळी बाहुली होती. एका टोकाला गोरी मुलगी, घागरा उलटा केला की दुसऱ्या टोकाला काळी मुलगी. एका समाजाची दुभंगलेली अवस्था त्या घागऱ्याखाली दडलेली होती.

सर्वांत प्रसिद्ध झाली ती ‘रॅगेडी ॲन’. लाल लोकरीचे केस, त्रिकोणी नाक, बटणांचे डोळे. चित्रकार जॉनी ग्रुएल यांनी १९१५ मध्ये तिच्या आराखड्याचे पेटंट मिळवले. त्याच वर्षी त्यांची मुलगी मार्सेला तेराव्या वर्षी वारली. १९१८ मध्ये त्यांनी या बाहुलीच्या गोष्टींचे पुस्तक काढले आणि त्यात बाहुलीच्या छोट्या मालकिणीचे नाव मार्सेला ठेवले. या बाहुलीच्या जन्माबद्दल अनेक दंतकथा आहेत. आम्हाला मात्र हे एक नाव पुरेसे वाटते. बापाने आपल्या लेकीला गोष्टीत खेळते ठेवले.

ती अजून का टिकली?

चिनी मातीची बाहुली पडली की फुटते. प्लास्टिकच्या बाहुलीचा हात निखळला की ती अडगळीत जाते. चिंध्यांची बाहुली पडते, भिजते, उसवते आणि दोन टाक्यांत पुन्हा उभी राहते. तिला कुशीत घेऊन झोपता येते. तिचा चेहराही साधा असतो. दुकानातली बाहुली सदा हसत असते. हिच्या दोन टिंबांच्या डोळ्यांत मूल आज राग पाहते, उद्या रडू. शिक्षक म्हणून आम्ही हे वर्गात पाहत आलो आहोत. विचारले तर मान खाली घालणारे मूल बाहुलीला मात्र घरात काय घडले ते सगळे सांगते. तिला दटावते तेव्हा आपलेच शब्द, आपल्याच आवाजात आपल्या कानावर येतात. ते ऐकण्याची तयारी मात्र आपली हवी.

आणखी एक गोष्ट हातातून निसटते आहे. टाका घालणे, काज करणे, बटण लावणे हे नानीकडून नातीकडे बाहुलीच्या निमित्ताने येत असे. आज आमच्या वरच्या वर्गातील कितीतरी मुलामुलींना सुईत दोरा ओवता येत नाही. मुलांनाही म्हणतो आहोत, कारण सुई ही काही फक्त मुलींची जबाबदारी नाही.

तेव्हा या ईदला कतरन टाकू नका. जुन्या सुती चादरीचा वीतभर तुकडा दुमडून त्यावर बाहुलीचा आकार काढा. कडेने बारीक टीप घाला, भरण्यापुरती जागा मोकळी ठेवा. उलटवून कापूस किंवा बारीक कातरलेल्या चिंध्या दाबून भरा. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर बटणे आणि मणी लावू नका, ते गिळले जातात. चेहरा काढायचा असेल तर डोळे दोऱ्याने भरा. झबला शिवायचे काम मुलांकडे द्या. टाके वाकडे आले तरी उसवू नका. आणि नाव त्यांनाच ठेवू द्या.