नसलेल्या हेलियमचा हिशेब

मूलद्रव्यांच्या दफ्तरात हेलियमच्या नावे दोन स्थिर समस्थानिकांची नोंद आहे. दोन प्रोटॉनांच्या जोडीला एकाच्या अणुकेंद्रात दोन न्यूट्रॉन असतात, दुसऱ्याच्या एकच. न्यूट्रॉनाचा मुळीच आधार न घेता केवळ दोन प्रोटॉनांचे जे हेलियम-२ सिद्ध व्हावे, ते बद्ध अणुकेंद्राच्या रूपाने आजवर कोणालाही आढळलेले नाही. आणि तरीही सूर्याच्या गाभ्यात काय चालले आहे हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याला या अनुपस्थित द्रव्याची विचारपूस केल्यावाचून गत्यंतर नाही.

दोन धन विद्युतभार परस्परांना दूर लोटतात म्हणून हे केंद्र टिकत नाही, असे उत्तर सहज सुचते. परंतु ते अपुरे आहे, कारण विद्युतभाराचा लवलेश नसलेले दोन न्यूट्रॉनदेखील एकमेकांना बांधून ठेवू शकत नाहीत. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची परिवलने समदिश असतात तेव्हाच केंद्रीय बलाचे आकर्षण पुरेसे प्रबळ ठरते, आणि म्हणूनच हॅरल्ड यूरी यांनी शोधून काढलेल्या जड हायड्रोजनचे केंद्र सुमारे २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या बंधनाने टिकून राहते. दोन प्रोटॉन मात्र सर्वस्वी एकरूप. पाउलीच्या अपवर्जन तत्त्वाचा हुकूम असा की, न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत त्यांनी विषमदिश परिवलनच पत्करावे, आणि त्या अवस्थेतले आकर्षण थोडक्यासाठी तोकडे पडते.

सूर्याच्या गाभ्यात, सुमारे दीड कोटी अंश तपमानात, प्रोटॉन प्रोटॉनाला भिडतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी रिक्तहस्ते परततो. त्या निमिषमात्र सान्निध्यात क्षीण बलाने दोहोंपैकी एकाचे न्यूट्रॉन केले, तरच जड हायड्रोजन जन्मास येतो. १९३८ साली हान्स बेटे व चार्ल्स क्रिचफील्ड यांनी या प्रक्रियेचे गणित मांडले. एका प्रोटॉनाच्या वाट्यास हा योग येण्यास सरासरी काही अब्ज वर्षांची मुदत लागते.

केंद्रीय बल काही टक्क्यांनी अधिक असते तर हेलियम-२ टिकले असते, हायड्रोजन भराभर संपला असता व दीर्घायुषी तारे संभवलेच नसते, हे विधान अनेकदा मोठ्या विश्वासाने केले जाते. मला ते अतिरंजित वाटते, आणि अलीकडील गणितेही त्याच्या विरुद्धच साक्ष देतात. ताऱ्याचे तेज मुख्यतः त्याच्या देहातून उष्णता किती वेगाने बाहेर झिरपते यावर ठरते. प्रक्रिया सुलभ झाली असती, तर गाभा कमी तपमानातच प्रज्वलित होऊन त्या मंद आचेवर अब्जावधी वर्षे तगला असता.