बंद बरणीतली बाग

लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. काही दिवसांनी त्याच मातीतून नेचा आणि गवत उगवलं. टेरॅरियमची, म्हणजे काचेच्या बरणीतल्या बागेची, गोष्ट इथून सुरू होते.

बंद बरणीत पानांतून निघालेली वाफ काचेवर थेंब होऊन परत मातीत उतरते, म्हणून पाणी क्वचितच लागतं. सकाळी काचेवर आलेलं दव दुपारपर्यंत विरलं तर ठीक. दिवसभर काच धुरकट राहिली तर झाकण काही तास उघडं ठेवा. बरणीला खाली भोक नसतं, त्यामुळे जास्तीचं पाणी तिथेच साचून मुळं कुजतात. तळाशी खडे घातले तरी पाणी बेतानंच घालायला हवं.

थेट ऊन टाळा. बंद काचेत पानं अक्षरशः शिजतात. खिडकीजवळचा मऊ उजेड पुरेसा असतो.

नेचे, शेवाळ, फिटोनिया यांना हा दमटपणा मानवतो. बंद बरणीत कॅक्टस लावून विकलेले पाहिले की वाईट वाटतं. ती कोरड्या हवेची झाडं. त्यांना भोकाची उघडी कुंडी आणि ऊनच द्यावं. बंद बरणीत खत जवळजवळ नकोच. काचेला टेकून सडू लागलेलं पान मात्र लगेच कापून काढा, नाहीतर बुरशी पसरते.