पाया घालण्यापूर्वी जमिनीची पारख

गावात शाळेची नवी खोली, ग्रामपंचायतीचे कार्यालय, अंगणवाडी किंवा पाण्याची उंच टाकी बांधावयाची ठरली म्हणजे पहिली चर्चा निधीची होते, दुसरी जागेची आणि तिसरी ठेकेदाराची. ज्या जमिनीवर ती वास्तू पन्नास-साठ वर्षे उभी राहावयाची असते, त्या जमिनीच्या पोटात काय आहे याची चौकशी मात्र बहुधा पाया खणावयास घेतल्यावर सुरू होते. तोपर्यंत जागेचा ठराव झालेला असतो, नमुना नकाशावरून तयार केलेल्या अंदाजपत्रकास मान्यता मिळालेली असते आणि नारळही फुटलेला असतो. मग दीड मीटर खाली गेले तरी काळी मातीच लागत राहते. जादा खोदाईचा खर्च कोणत्या बाबीखाली दाखवावयाचा हा प्रश्न उभा राहतो, काम काही महिने थांबते, आणि अखेरीस ‘आहे तेवढ्यावर’ पाया भरून घेतला जातो. तीन-चार पावसाळ्यांनंतर खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर चढू लागते, दार चौकटीत अडकते, वर्गाची फरशी मधोमध फुगून येते. तेव्हा सिमेंटला आणि गवंड्याला दोष दिला जातो. मुलांना त्या खोलीत बसवावे की नाही, हा निर्णय मात्र मुख्याध्यापकांनाच करावा लागतो.

हे टाळण्याची विद्या दुर्मीळ नाही. कार्ल टेरझागी या अभियंत्याने १९२५ मध्ये मृदा-यांत्रिकीवरील आपला पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून माती हीदेखील लोखंड-लाकडाप्रमाणे गुणधर्म मोजून वापरावयाची बांधकामाची सामग्री आहे, ही दृष्टी स्थिर झाली. आपल्याकडे भू-अन्वेषणाची पद्धती भारतीय मानक क्रमांक १८९२ मध्ये घालून दिलेली आहे. लहान इमारतींच्या बाबतीत तिच्यातील पुष्कळसा भाग कुदळ, पहार आणि जागरूक नजर यांच्या बळावरही पार पाडता येतो.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या गावरचनेत ‘काळी’ म्हणजे शेती आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती असा भेद रूढ होता. खोल काळी जमीन नांगरासाठी राखावयाची आणि घरे मुरमाड उंचवट्यावर बांधावयाची, यात शेतीच्या हिशेबाइतकेच बांधकामाचेही शहाणपण होते. आज गावठाणात जागा उरलेली नाही. नव्या सार्वजनिक इमारतींच्या वाट्याला गायरान, ओढ्याकाठची पड जमीन किंवा कोणा उदार ग्रामस्थाने दिलेला तुकडा येतो. अशा दानाच्या जमिनीचा सातबारा बारकाईने तपासला जातो. तितक्याच बारकाईने तिची मातीही तपासली जावी, एवढेच म्हणणे आहे.

पांढरी तरी सर्वत्र भरवशाची असते असे नाही. शेकडो वर्षांची राख, पडक्या भिंतींची माती, खापरे आणि शेणकचरा यांचा तो साचलेला भराव असतो. त्यात बुजविलेले आड असतात, आणि धान्य साठविण्यासाठी खणलेली पेवे असतात. कोणाच्या वाड्यात कोठे पेव होते हे आजच्या पिढीस ठाऊक नसते. वर पाया आणि खाली पोकळी अशी स्थिती तेथे सहज उद्भवू शकते. म्हणून अन्वेषणाची सुरुवात गावातील वृद्धांना विचारण्यापासून करावी. पूर्वी येथे विहीर होती का, ओढ्याचे पाणी पुरात कोठवर येत असे, शेजारचे घर बांधताना मुरूम किती खोलीवर लागला, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यंत्रातून निघत नाहीत. शेजारच्या विहिरीत डोकावून पाहावे. तिच्या काठच्या उघड्या थरांत माती, मुरूम आणि खडक यांचा उभा छेद तयारच असतो, आणि पाण्याची पातळीही कळते.

माती फुगते म्हणजे काय होते

महाराष्ट्राच्या पठाराचा फार मोठा भाग बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाचा आहे. हा काळा पाषाण झिजून जी माती बनते तिच्यात माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असून पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते व त्यांना परस्परांपासून दूर सारते. पाणी गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात. कापसास ओल पुरविणारा हा गुण पायाच्या दृष्टीने घातक ठरतो. वैशाखात ज्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, तेच शेत श्रावणात फुगून सलग झालेले आपण दरवर्षी पाहतो. ही हालचाल पृष्ठभागापुरती नसते. ऋतुमानानुसार ओलावा कमी-अधिक होण्याचा परिणाम आपल्याकडे सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो असे सामान्यतः धरतात.

पाया खचतो ही कल्पना सर्वांच्या परिचयाची आहे. काळ्या मातीत तो वर उचललाही जातो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. इमारतीखाली झाकल्या गेलेल्या मातीतून बाष्पीभवन होत नाही, त्यामुळे मधल्या भागात ओल हळूहळू साठते आणि फरशी वर येते. बाहेरील भिंतींखालची माती दरवर्षी फुगते व आकसते. या असमान हालचालीमुळे भिंती तडकतात. येथे एक विचित्र बाब नमूद केली पाहिजे : या मातीचा उपद्रव जड इमारतीपेक्षा हलक्या इमारतीला अधिक होतो. एकमजली शाळेचे वजन फुगणाऱ्या मातीचा दाब थोपविण्यास अपुरे पडते. ‘एवढीशी तर खोली आहे, तिला कशाला मातीची तपासणी?’ हा नेहमीचा युक्तिवाद म्हणूनच काळ्या मातीच्या प्रदेशात टिकत नाही.

चाचणी खड्डा

लहान इमारतीसाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे चाचणी खड्डा. त्याचा तळ माणसाला वाकून काम करता येईल एवढा, म्हणजे निदान १.२ मीटर लांब व तितकाच रुंद असावा. सुमारे ०.४ हेक्टरच्या आटोपशीर जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक असे खड्डे किंवा छिद्रे पुरेशी मानण्याचा संकेत आहे. अगदी लहान कामासाठी मध्यभागी एकही चालतो असे सांगितले जाते. तथापि जागा उताराची असेल तर एकावर विसंबणे इष्ट नाही. वरच्या कोपऱ्यात एका मीटरवर मुरूम आणि खालच्या कोपऱ्यात तीन मीटरवरही काळी माती, अशी स्थिती आपल्या पठारावर नित्याची आहे. अशा जागेवर अर्धी इमारत मुरमावर आणि अर्धी मातीवर टेकते, आणि भेग नेमकी त्या सीमारेषेवर पडते.

खोलीचा साधा नियम असा, की पायाच्या तळाखाली पायाच्या रुंदीच्या निदान दीडपट अंतरापर्यंतची माहिती हाती आली पाहिजे. पाया १ मीटर रुंद व १.५ मीटर खोल असल्यास ३ मीटरपर्यंत पाहावे लागेल. दीड मीटरहून खोल खड्ड्याच्या बाजूंना फळ्यांचा आधार देणे आवश्यक आहे. काळ्या मातीची उभी भिंत कोरडी असताना भक्कम दिसते आणि इशारा न देता ढासळते. खड्डा उघडा असेतो भोवती कुंपण असावे. शाळेच्या आवारात तर याविषयी हयगय क्षम्य नाही.

खड्ड्यात उतरल्यावर प्रत्येक थराची खोली टेपने मोजून लिहावी. रंग, ओलावा, चुनखडीचे खडे, मुळे, वास यांची नोंद करावी. कुजका वास सेंद्रिय गाळाचा निदर्शक असतो, आणि खापरी-कोळसा सापडल्यास ती भरावाची जमीन समजावी. मातीचा ओला गोळा तळहातावर वळून सुमारे ३ मिलिमीटर जाडीची दोरी होते का, ते पाहावे. पोयट्याची दोरी लवकर तुटते, चिकणमातीची लांबवर वळता येते. वाळलेले ढेकूळ बोटांनी फुटत नसेल तर चिकणमाती भरपूर आहे असे समजण्यास हरकत नाही.

खड्डा कोणत्या महिन्यात घेतला हेही लिहिणे अगत्याचे आहे. मे महिन्यात काळी माती इतकी टणक असते की टिकाव उसळतो. त्या टणकपणावरून तिची भारक्षमता ठरविणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. तीच माती भिजल्यावर पाऊल रुतते. भूजलाची पातळीही उन्हाळ्यात फार खाली दिसते. पावसाळ्यातील पाण्याच्या खुणा विहिरीच्या कठड्यावर आणि गावकऱ्यांच्या आठवणीत शोधाव्या लागतात.

शाळेतील एक प्रयोग

माती किती फुगते हे पाहण्याची एक प्रमाणित चाचणी माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही करून दाखविता येण्याजोगी आहे. वाळवून कुटलेली व ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी घ्यावी. एकात ऊर्ध्वपातित पाणी व दुसऱ्यात रॉकेल १०० च्या खुणेपर्यंत भरावे, काडीने ढवळून हवा घालवावी आणि २४ तास स्थिर ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातील मातीचे आकारमान १८ मिलिलिटर व रॉकेलातील १० मिलिलिटर भरले, तर फुगवटा ८० टक्के झाला. हा आकडा ५० च्या पुढे गेल्यास नेहमीच्या उथळ पायाचा विचार सोडून अभियंत्याचा विशेष सल्ला घेणे श्रेयस्कर. अंतिम निर्णय अर्थातच प्रयोगशाळेच्या अहवालावर व्हावयास हवा.

खडक लागला, पुढे?

पहार टणत्कार करून थांबली की ‘खडक लागला’ अशी वर्दी येते. बेसाल्ट कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे झिजत असल्याने मुरमात मोठमोठे गोल धोंडे अडकून राहतात. असा एखादा धोंडा मूळ खडक समजून त्यावर खांब उभा केल्याची उदाहरणे अभियंत्यांच्या बोलण्यात नेहमी येतात. म्हणून जड बांधकामासाठी छिद्र घेताना खडकात निदान दोन-तीन मीटर खोल जाऊन खात्री करतात. लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा मऊ पट्टा, किंवा विहीर खणणारे ज्यास मांजऱ्या म्हणतात तसा सच्छिद्र, गारांनी भरलेला खडकही आढळतो. कोकणात वर जांभ्याचे कठीण कवच आणि त्याखाली पाण्याने मऊ होणारी पिवळसर-पांढरी चिकणमाती, असा उलटा क्रम असतो.

डोंगरउतारावर तर प्रश्न पायाखालच्या मातीपुरता राहात नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी, महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. या दुर्घटनांत घरांचे पाये तपासून काही निष्पन्न झाले नसते. तेथे वरच्या उताराची, त्यावरील मातीच्या जाडीची व पाण्याच्या वाटांची पाहणी भूवैज्ञानिकाकडूनच व्हावी लागते. उतारावर नव्याने पडलेल्या भेगा, कललेली झाडे, नवीन फुटलेले झरे दिसल्यास पंचायत सदस्यांनी तहसील कार्यालयास तत्काळ कळविले पाहिजे.

यंत्राने तपासणी

उंच टाकी, पूल किंवा बहुमजली इमारत यांसाठी चाचणी खड्डा पुरत नाही. छिद्र घेऊन प्रमाणित भेदन चाचणी करतात. ६३.५ किलोग्रॅमचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकून नमुनानळी जमिनीत ठोकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरसाठी लागलेले ठोके मोजतात. मातीचे अविचलित नमुने पातळ नळीत घेऊन तिची दोन्ही टोके मेणाने बंद करावी लागतात, अन्यथा वाटेत ओल उडते आणि अहवाल निरर्थक ठरतो. तपासणीची सोय अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे.

अहवाल हाती आल्यावर उपाय सापडतात. काळी माती दीड-दोन मीटरच असेल तर ती काढून मुरमावर पाया न्यावा. ती खोल असल्यास रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले खुंट सुमारे साडेतीन मीटर खोल घेऊन त्यांवर तुळई टाकतात व तुळईखाली माती फुगण्यास थोडी पोकळी ठेवतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. रा. कृ. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा सुमारे एक मीटरचा थर काळ्या मातीवर दाबून बसविण्याची पद्धती पुढे आणली. कालव्यांच्या कामी तिचा उपयोग झालेला आहे. इमारतीभोवती पाणी न मुरू देणारा फरसबंद पट्टा घालणे, गळक्या नळाची दुरुस्ती वेळीच करणे, भिंतीलगत मोठी झाडे न लावणे हे उपाय जुन्या इमारतींनाही लागू आहेत.

कार्यालयीन क्रम बदलणे याहून कठीण, पण आवश्यक आहे. जागेच्या ठरावापूर्वी दोन-तीन चाचणी खड्डे घेऊन शाखा अभियंत्याकडून त्यांची पाहणी करून घ्यावी आणि थरांची नोंद अंदाजपत्रकास जोडावी. मजुरांच्या एक-दोन दिवसांच्या कामाचा हा खर्च आहे. जागा अयोग्य ठरली तर ती नाकारण्याची वेळ हीच असते, कारण भूमिपूजनानंतर कोणतीही जागा अयोग्य ठरत नाही. खड्ड्याचे स्थान, तारीख, थरांची खोली आणि पाण्याची पातळी यांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी गावनकाशासोबत ठेवावी. शेजारी पुढे दुसरी इमारत निघाली, तर त्या वेळच्या अभियंत्याला पहिला खड्डा कोठे घ्यावयाचा हे त्या कागदावरून कळेल.