कारभाराची मराठी : लेखांक ७
उत्तर न देणारी उत्तरे

गेल्या आठवड्यात आपण अर्जाची भाषा पाहिली. आज त्या अर्जाला मिळणाऱ्या उत्तराची भाषा पाहू. सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ न म्हणता वेळ मारून नेण्याचे जितके प्रकार आहेत, तितकी नावे मराठीत आहेत. मोघम उत्तर वेगळे, टोलवाटोलवी वेगळी, चालढकल वेगळी. आपल्या वाट्याला यातले नेमके काय आले हे ओळखले, की पुढे काय विचारायचे तेही सुचते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही ओळख थेट जमिनीच्या हक्काशी जोडलेली आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, दर दहांपैकी जवळपास सात माणसे आदिवासी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची आणि कोकणी, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. यांतल्या बऱ्याच घरांत मराठी येते ती शाळेतून, आणि कार्यालयाची मराठी तर त्याहूनही परकी. ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे’ हे वाक्य घ्या. वाचणाऱ्याला वाटते, अर्ज दाखल झाला, आता काम सुरू होईल. प्रत्यक्षात कार्यालयीन भाषेत त्याचा अर्थ असा की प्रकरण बंद झाले, पुढे काही होणार नाही. नकार हातात पडतो, पण तो नकार आहे हेच कळत नाही.

आता एकेक प्रकार पाहू. पहिला, मोघम उत्तर. उदाहरण म्हणून २००६ चा वनहक्क कायदा घ्या. कसत असलेल्या वनजमिनीचा दावा ग्रामसभेतून प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. तो फेटाळताना ‘पुरावा अपुरा’ एवढे दोन शब्द लिहिले, तर ते मोघम झाले. कोणता पुरावा अपुरा? गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही नियम १३ प्रमाणे पुरावा आहे. तो पाहिला का? २०१२ मध्ये घातलेला नियम १२-अ सांगतो की दावा फेटाळताना किंवा त्यात बदल करताना समितीने सविस्तर कारणे दिली पाहिजेत, निर्णय दावेदाराला समक्ष कळवला पाहिजे आणि केवळ तांत्रिक कारणावरून दावा फेटाळता येत नाही. वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस मिळतात. कारणच मोघम असेल, तर दाद कशाविरुद्ध मागायची?

दुसरा प्रकार टोलवाटोलवी. ‘हे आमच्याकडे नाही, तिकडे जा.’ धडगावच्या माणसासाठी ‘तिकडे’ म्हणजे चांदसैली घाट उतरून तळोद्याचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, नाहीतर त्याहून पुढे नंदुरबार. एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे त्या एका शब्दात जाते. माहिती अधिकाराच्या अर्जाला मात्र असे टोलवता येत नाही. २००५ च्या या कायद्याचे कलम ६(३) सांगते की अर्ज चुकीच्या कार्यालयात आला, तर त्या कार्यालयानेच तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवायचा आणि अर्जदाराला तसे कळवायचे.

तिसरी चालढकल. ‘कार्यवाही प्रगतीपथावर आहे’, ‘उचित कार्यवाही करण्यात येईल.’ या वाक्यांत क्रियापद आहे, कर्ता नाही आणि तारीखही नाही. कोण करणार, कधी करणार, हे वाक्याबाहेरच राहते. महाराष्ट्राचा २००५ चा विलंब प्रतिबंधक अधिनियम म्हणतो की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ पडून राहता कामा नये. म्हणून ‘काम कुठवर आले?’ असे न विचारता ‘फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे आणि तिथे कधी आली?’ असे विचारावे.

चौथे अर्धे उत्तर, ज्याला आपण ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतो. विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची छापील उत्तरे वाचली, तर ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही वाक्ये वारंवार भेटतात. दुसरे वाक्य काही वेळा अगदी योग्य असते: घटनाच घडली नसेल, तर विलंबाची कारणे कुठून देणार? पण आधी ‘अंशतः खरे आहे’ म्हटले असेल, तर कोणता अंश खरा, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. माहिती अधिकारात जाणूनबुजून अपुरी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली, तर माहिती अधिकाऱ्याला कलम २० खाली २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रत्येक मोघम उत्तरामागे वाईट हेतू असतोच असे नाही. कामाचा बोजा असतो, वरिष्ठांचा धाक असतो, जुना मसुदा पुन्हा वापरण्याची सवय असते. पण त्याची किंमत मोजतो तो अर्जदारच, आणि ज्याची भाषा कार्यालयापासून जितकी दूर, त्याला ती तितकी जास्त मोजावी लागते.

म्हणून वाचकांना एक विनंती. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. अर्जाची पोच जपून ठेवा. आणि आलेल्या पत्रात चार गोष्टी शोधा: कोणी ठरवले, काय ठरवले, कोणत्या नियमाने ठरवले आणि दाद कोणाकडे मागायची. यातली एक गोष्ट जरी नसेल, तरी तुम्हाला अजून पूर्ण उत्तर मिळालेले नाही. शिकलेल्या तरुणांनी आपल्या पाड्यावर आलेली अशी पत्रे ग्रामसभेत, तिथल्या बोलीत, मोठ्याने वाचून समजावून सांगावीत.