माळ्यावरचा कॉम्प्युटर झाला राखणदार

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई निघाली की पहिली धाड पडते ती माळ्यावर. आमच्या पुसदच्या घरी अशीच धाड पडली आणि मुलांचा जुना कॉम्प्युटर खाली आला. कबाडीवाल्याला हाक मारणार, तेवढ्यात नागपूरला शिकणारा भाचा म्हणाला, "मावशी, विकू नकोस. याला आपण फाटकावर उभा करू."

फाटकावर म्हणजे इंटरनेटच्या फाटकावर! बाहेरून येणारी लाइन आणि आपलं वायफाय यांच्या मधे हा कॉम्प्युटर बसवायचा. आत येणारं, बाहेर जाणारं सगळं त्याच्या नजरेखालून जातं. न बोलावता दार ठोठावणाऱ्याला तो आत घेत नाही. यालाच फायरवॉल म्हणतात.

केबल लावायला दोन जागा हव्यात, एक बाहेरच्या लाइनसाठी, एक घरासाठी. दुसरं कार्ड काही शे रुपयांत मिळालं. सॉफ्टवेअर फुकट. स्वित्झर्लंडच्या मान्युएल कास्परने २००३ मध्ये 'मोनोवॉल' सर्वांसाठी खुलं केलं. त्यातून २००४ मध्ये 'पीएफसेन्स' आणि त्यातून २०१५ मध्ये 'ओपीएनसेन्स' निघालं. एकीच्या विरजणावर दुसरीचं दही लागावं तसं! फार जुन्या, ३२ बिटच्या कॉम्प्युटरवर ही दोन्ही आता चालत नाहीत, तिथे 'ओपनडब्ल्यूआरटी' चालतं. एक मात्र लक्षात ठेवा, हे बसवताना आतलं सगळं पुसलं जातं. मुलांचे लहानपणीचे फोटो मी आधीच पेनड्राइव्हवर काढून घेतले.

पहिल्याच रात्री भाच्याने यादी दाखवली. आमचे फोन, टीव्ही, कॅमेरा धरून सात, आणि यादीत १९! पोटात गोळाच आला. मग आठवलं, मुलीच्या साखरपुड्यात पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड वाटला होता. तो गल्लीभर झाला. त्याच वायफायवर मी शिलाईचे पैसे घेते, सासऱ्यांच्या पेन्शनचं बघते. पासवर्ड बदलला, यादी सातवर आली.

फाटकावरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड तर कारखान्यातून आला तोच होता. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच साठेक ठरलेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तोही त्याच दिवशी बदलला.

आता विजेचं सांगते, कारण बिल आपल्यालाच दिसतं. ६० वॅटचा कॉम्प्युटर २४ तास चालला तर महिन्याला ४३ युनिट होतात. १०० युनिटच्या वर गेलं की दरही चढतो. पहिलं बिल आलं आणि मी कपाळाला हात लावला. मग भाच्याचा जुना लॅपटॉप त्या जागी बसवला. त्याला वीज बरीच कमी लागते आणि लाइट गेली तरी तो काही वेळ बॅटरीवर चालतो. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र वापरू नका.

हा राखणदार सगळं थांबवतो असं नाही हं. गोड बोलून कुणी ओटीपी मागितला आणि आपण दिला, तर तो काय करणार? तसं झालंच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. आणि जुना कॉम्प्युटर नसला तरी वायफायचा आणि राउटरचा, दोन्ही पासवर्ड आज बदला. त्याला पैसा लागत नाही.

सगळं झाल्यावर भाच्याने विचारलं, "याचा पासवर्ड काकांना सांगून ठेवू?"

मी म्हटलं, "काकांनाही सांग. पण आधी मला शिकव."

तिजोरीची किल्ली आपल्या कमरेला असते ना? मग ही का नको?