रेघेला नाव द्या!

फळ्यावर सहा शब्द लिहा : देवमासा, मासा, सस्तन प्राणी, समुद्र, कल्ले, फुफ्फुसे. ज्यांचा एकमेकांशी संबंध आहे ते शब्द मुलांना रेघेने जोडू द्या. कुणीतरी देवमासा आणि मासा यांना जोडेलच. नावातच 'मासा' आहे ना!

ही रेघ बरोबर की चूक? सांगता येत नाही. 'देवमासा हा मासा आहे' असे मुलाच्या मनात असेल तर चूक; 'देवमासा माशासारखा दिसतो' असे असेल तर बरोबर. नुसती रेघ मनातले सांगत नाही. म्हणून रेघेचा बाण करा आणि त्यावर नाते लिहा. आता प्रत्येक बाण म्हणजे एक वाक्य झाले, आणि वाक्य तपासता येते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक व त्यांचे सहकारी मुलांच्या विज्ञानाच्या आकलनात काळानुसार होणारे बदल अभ्यासत होते. मुलाखतींच्या ढिगातून ते बदल नेमके टिपणे अवघड जाई. त्यातून १९७२ साली 'संकल्पना-नकाशा' तयार झाला. चौकटीत संकल्पना आणि जोडरेघेवर शब्द, ही त्याची खूण.

संगणकावरचे 'ज्ञानजाल' (नॉलेज ग्राफ) याच तत्त्वावर चालते. २०१२ साली सुरू झालेला विकिडेटा हे त्याचे खुले उदाहरण. तेथे नात्यांची नावे ठरलेली असतात; नवे नाते हवे असल्यास आधी चर्चा होते. एवढी काटेकोर व्यवस्था कशासाठी? एकाने 'राहतो', दुसऱ्याने 'आढळतो' लिहिले, तर संगणकाला ती दोन वेगळी नाती वाटतात.

याहून मोठा धोका 'प्रकार' आणि 'भाग' यांच्या गोंधळाचा. देवमासा हा सस्तन प्राण्यांचा प्रकार, सस्तन हा पृष्ठवंशीयांचा प्रकार. म्हणून देवमासा पृष्ठवंशीय, हे अनुमान संगणक स्वतः काढू शकतो. पण 'कल्ला हा माशाचा भाग' याऐवजी चुकून 'प्रकार' लिहिले, तर कल्लासुद्धा पृष्ठवंशीय प्राणी ठरेल! संगणकाला हसू येत नाही. मुलांना येईल, आणि चूक कोठे झाली हे तीच शोधतील.

यासाठी संगणक हवाच असे नाही. कागदाचे तुकडे आणि दोरा पुरे. नियम तीनच : बाणाची दिशा दाखवा, नाते लिहा, एका नात्याला एकच नाव ठेवा. मग बाण मोठ्याने वाचायला सांगा. पाठांतरामागे लपलेली चूक बहुधा चौकटीत नाही, बाणावर सापडेल.